सावळ्या कातडीला त्वचेचा कॅन्सर होत नाही?

‘त्वचेचा कॅन्सर गोऱ्यांना होतो, आपल्याला नाही,’ असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. हे निम्मं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक आहे.

त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार पाहू. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर. वर्षानुवर्षं ऊन लागलेल्या जागी तो उगवतो : कानाची कड, खालचा ओठ, टक्कल, हाताची मागची बाजू. उन्हातले अतिनील किरण पेशीतला डीएनए बिघडवतात. शरीर तो दुरुस्त करतं, पण थोडा बिघाड साठत जातो. गडद त्वचेतलं मेलॅनिन हे किरण बरेचसे शोषून घेतं. त्यामुळे गोऱ्या ऑस्ट्रेलियन शेतकऱ्यापेक्षा सोलापूरच्या शेतकऱ्याला धोका पुष्कळ कमी.

मात्र हे कवच फक्त उन्हापुरतं. गडद त्वचेत हाच कॅन्सर बरेचदा झाकलेल्या जागी निघतो : लहानपणी भाजल्याच्या व्रणावर, वर्षानुवर्षं चिघळणाऱ्या पायाच्या जखमेवर. काश्मीरमध्ये फेरन या सैल अंगरख्याखाली कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरणाऱ्यांच्या पोटामांड्यांवर तो आढळतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या काचाखाली होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली. किडनी बदललेल्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, त्यांनाही धोका मोठा. आणि जन्मतःच मेलॅनिन नसलेल्यांना तर उन्हापासूनही कवच नाही.

सनस्क्रीन निव्वळ सौंदर्यप्रसाधन आहे, हेही चूक. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावात १,६०० हून अधिक लोकांवर साडेचार वर्षं चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत हा कॅन्सर सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला.

‘दुखत नाही ना, मग राहू दे,’ म्हणत लोक महिने घालवतात. सुरुवातीला हा कॅन्सर बहुधा दुखतच नाही. खपली धरते, निघते, रक्त येतं, पुन्हा धरते. महिनाभरात न भरलेली जखम किंवा जुन्या व्रणावर आलेली गाठ त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावीच.

तिथे एक भीती आडवी येते : तपासणीसाठी तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. ही भीती मला सगळ्यांत क्रूर वाटते, कारण तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. तपासणीने तो पसरत नाही, थांबून राहिल्याने पसरतो. वेळेत काढला तर बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेनेच बरे होतात. उशीर झाला की तो काखेतल्या, जांघेतल्या गाठींपर्यंत पोचतो आणि कधी हात किंवा पाय काढावा लागतो.