अमिनो आम्लांच्या भट्टीचा कोयंडा

देवबागचे ताट

एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी: हे देवबाग. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, भरून आली की घरोघरी बांगड्याचे तिखले शिजते. पावसाळ्यात यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा पेजेसोबत सुका बांगडा नाहीतर गोलमा (सुकी कोळंबी). मासळी खारवून ठेवता येते. शरीराकडे मात्र तिच्यातल्या प्रथिनांपासून मिळणारी जादा अमिनो आम्ले साठवायची कोठीच नाही. जास्त झाली तर ती जाळायची, कमी पडली तर भट्टी बंद करायची, एवढेच त्याच्या हाती असते.

कोयंडा कोण लावतो?

ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन शाखायुक्त अमिनो आम्ले शरीर स्वतः बनवू शकत नाही. ती मासे, डाळी, दूध यांतूनच मिळतात. त्यांच्यातला नत्राचा भाग मुख्यतः स्नायूंत निघतो आणि कीटो आम्ले उरतात. पुढची पायरी पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, ‘बीसीकेडीएच’ या मोठ्या विकरसंकुलात होते; हीच ती भट्टी. इथून मागे फिरता येत नाही, म्हणून पहारा नेमका इथेच.

पहारेकरी म्हणजे ‘बीसीकेडीके’ हे कायनेज. ते संकुलावर फॉस्फेट चढवते आणि भट्टी थंडावते. ‘पीपीएम1के’ हे फॉस्फेटेज तो फॉस्फेट उतरवते, भट्टी पेटते. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही: ल्युसिनपासून झालेले कीटो आम्लच या कायनेजला रोखते. म्हणजे ताटात भरपूर आले की कोयंडा आपोआप निघतो. उलट, उंदरांना कमी प्रथिनांचा आहार दिला, तेव्हा त्यांच्या यकृतातले कायनेज वाढलेले आढळले.

दोन उलटे आजार

भट्टीच जन्मतः बिघडलेली असेल तर ल्युसिन रक्तात साचते. 1954 साली डॉ. मेंकेस यांनी वर्णन केलेल्या या आजारात बाळाच्या लघवीला जळक्या साखरेसारखा वास येतो. उपचारात प्रथिने मोजूनमापून द्यावी लागतात.

कोयंडाच नसेल तर याच्या उलट घडते. भट्टी अखंड जळते, रक्तातली ही आम्ले आटतात, मेंदू उपाशी राहतो. 2012 साली ‘सायन्स’ नियतकालिकात तुर्की, इजिप्त आणि लिबियातील मूळ असलेल्या कुटुंबांतील अशा मुलांची नोंद आली: स्वमग्नता, फिट्स, बौद्धिक अक्षमता. इथे प्रथिने वाढवायची असतात, जोडीला हीच अमिनो आम्ले दिवसातून अनेकदा द्यायची. 2023 साली 21 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उपचाराने अनेकांच्या डोक्याची खुंटलेली वाढ सुधारली, आणि लवकर सुरुवात झालेल्यांना अधिक फायदा दिसला.

घरच्यांसाठी

दोन्ही आजार आई आणि वडील अशा दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होतात. नात्यात लग्न झाले असेल तर धोका वाढतो. बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, लघवीला तसा वास आला तर एक दिवसही थांबू नका. डोक्याचा घेर वाढत नसेल, फिट्स येत असतील तर रक्तातील अमिनो आम्लांची तपासणी डॉक्टरांकडे आग्रहाने मागा. दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे.