ज्यांना गहूं वर्ज्य आहे

पोळी लाटतां येते आणि भाकरी थापावी लागते, हें महाराष्ट्रांतील गृहिणीस कोणी शिकवावें लागत नाहीं. कणीक मळून थोडा वेळ झांकून ठेवली कीं ती लवचिक होते, ताणली तरी चटकन तुटत नाहीं. आणि म्हणूनच पुरणपोळीचें पातळ आवरण आंतील पुरण सांभाळूं शकतें. ज्वारीचें पीठ कितीहि मळलें तरी त्यास हा गुण येत नाहीं. ऊन पाणी घालून, तळहातानें जपून थापूनच त्याची भाकरी करावी लागते. या दोन पिठांत असा भेद कां असावा? कणकेचा गोळा पाण्याच्या भांड्यांत हलक्या हातानें चोळीत राहिलें, तर पाणी दुधासारखें पांढरें होत जातें आणि शेवटीं हातांत रबरासारखा एक चिवट गोळा उरतो. हा जो चिवट पदार्थ, त्यास ग्लूटेन म्हणतात. तें गव्हांतील प्रथिन आहे. पोळीचा मऊपणा आणि पावाची जाळी हीं त्याचींच करणी.

बहुतेकांच्या प्रकृतीस या ग्लूटेनपासून कांहींच उपद्रव होत नाहीं. परंतु कांहीं माणसांस तेंच बाधतें, आणि तें त्यांना जन्मभर वर्ज्य करावें लागतें. या विकारास वैद्यकांत सीलिअॅक रोग असें नांव आहे.

हा रोग काय करतो तें समजण्यासाठीं आंतड्याची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. माणसाचें लहान आंतडें आंतून गुळगुळीत नसतें. त्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात, व पचलेल्या अन्नांतील सत्त्व या अंकुरांच्या वाटेनें रक्तांत जातें. सीलिअॅक रोग्याच्या शरीरांतील संरक्षक शक्ति, जी एरवीं रोगजंतूंशीं लढते, ती ग्लूटेनवर चालून जाते आणि त्या झटापटींत स्वतःच्याच आंतड्यास घायाळ करते. अंकुर झिजून सपाट होतात. मग पोटभर जेवूनहि अन्न अंगीं लागत नाहीं. मुलाचें पोट फुगतें, हातपाय काटकुळे राहतात, वारंवार जुलाब होतात, मूल चिडचिडें बनतें व त्याची उंची खुंटते. मोठ्या माणसांत पोटाची तक्रार मुळींच नसूं शकते. लोहाच्या गोळ्या घेऊनहि न हटणारा पंडुरोग, ठिसूळ झालेलीं हाडें, सततचा थकवा, किंवा अंगावर उठणारे खाजरे फोड, एवढ्यावरूनच कधीं कधीं रोगाचा माग लागतो.

हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं. त्याची प्रवणता आनुवंशिक असते. ती नसल्यास रोग सहसा होत नाहीं, आणि ती असणाऱ्यांपैकींहि थोड्यांनाच तो जडतो. घरांत एकास हा रोग निघाला म्हणजे आईबाप, भावंडें व मुलें यांचीहि तपासणी करावी, असें डॉक्टर सांगतात तें याचसाठीं.

रोग जुना आहे. कारण मात्र फार उशिरां सापडलें. ख्रिस्ती शकाच्या आरंभींच्या शतकांत अॅरेटीअस नांवाच्या ग्रीक वैद्यानें अशा दीर्घकाळच्या जुलाबांचें वर्णन केलें आहे, आणि पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आजचें नांव आलें. लंडन येथील डॉक्टर सॅम्युअल गी यांनीं १८८७ सालीं यावर व्याख्यान दिलें व पुढील वर्षीं तें छापून प्रसिद्ध झालें. रोगी बरा व्हावयाचाच असेल तर तो पथ्यानेंच होईल, हें गी यांनीं अचूक ओळखलें. परंतु पथ्य कोणतें, येथें त्यांची गल्लत झाली. त्यांनीं भात व साबूदाणा निषिद्ध ठरविले, आणि दोन्ही बाजूंनीं खरपूस भाजलेल्या पावाच्या पातळ कापास परवानगी दिली! जें निरुपद्रवी तें बंद झालें व जें बाधक तें ताटांत राहिलें. त्यांच्याच लेखांत एका मुलाची हकीकत आहे. त्यास रोज हॉलंडच्या शिंपल्यांचें मांस भरपूर दिलें, तेव्हां तें बाळसें धरूं लागलें. शिंपल्यांचा हंगाम सरतांच तें पुन्हां खालावलें. पुढें १९२४ सालीं न्यूयॉर्क येथील डॉक्टर सिडने हास यांनीं केळ्यांच्या आहारावर मुलें सुधारतात असें दाखविलें, आणि तो उपाय पुष्कळ वर्षें चालला. गुण केळ्यांचा मानला गेला. पाव बंद झाल्याचा हा परिणाम असेल हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

तें ध्यानांत आलें हॉलंडमधील विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांच्या. १९३६ सालीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, ते हेग येथील मुलांच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. एका आईनें त्यांस सांगितलें कीं, पाव बंद केला म्हणजे आपल्या मुलास बरें वाटतें. अशी हकीकत सांगतात. दुसरा कोणी असता तर बाईचें बोलणें हंसण्यावारीं नेलें असतें. डिके यांनीं तें मनावर घेतलें, मुलांचा गहूं बंद करून पाहिला, आणि १९४१ सालीं त्याविषयीं लिहिलें. पुढें १९४४-४५ चा हिंवाळा आला. जर्मन अंमलाखालील पश्चिम हॉलंडांत अन्नाचा पुरवठा तुटला. लोक ट्यूलिप फुलांचे कंद खाऊन दिवस काढूं लागले. सहस्रावधि माणसें भुकेनें मेलीं. त्या भीषण दिवसांत पाव दुर्मिळ झाला असतां सीलिअॅकचीं मुलें उलट सुधारलीं, आणि सुटकेनंतर पाव पुन्हां मिळूं लागतांच तीं पुन्हां आजारी पडलीं. या दुष्काळानेंच शोध लावला असें म्हणण्याचा प्रघात आहे, पण तें खरें नव्हे. डिके यांचा तर्क आधींचा होता, दुष्काळानें त्यास बळकटी दिली. पुढें त्यांनीं एकेका मुलाच्या आहारांत गहूं कधीं घालून, कधीं काढून, दीर्घकाळ निरीक्षण केलें, आणि १९५० सालीं उत्रेख्त विद्यापीठास आपला प्रबंध सादर केला. त्यांचे सहकारी व्हान डी कामर व वायर्स यांच्या साहाय्यानें मुलांच्या मलांतील चरबी मोजून, दोष ग्लूटेनचाच आहे हें लवकरच सिद्ध झालें. एका आईचें निरीक्षण आणि एका डॉक्टराची चिकाटी यांचें हें फळ होय.

आज निदानाचीं साधनें अधिक अचूक झालीं आहेत. रक्ताच्या तपासणींत या रोगाचीं विशिष्ट लक्षणें दिसतात, आणि दुर्बिणीच्या नळीनें आंतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून अंकुरांची स्थिति पाहतां येते. येथें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. संशय आला म्हणून तपासणीपूर्वींच गहूं बंद करूं नये. तसें केल्यास आंतडें सुधारूं लागतें, रक्तांतील खुणा पुसट होतात, आणि रोग असूनहि तो नाहीं असा निर्णय होण्याचा संभव असतो. आधीं तपासणी, मग पथ्य, हाच क्रम होय.

हा युरोपीय लोकांचा रोग आहे, अशी समजूत पूर्वीं होती. ती आतां टिकत नाहीं. दिल्लीच्या परिसरांत झालेल्या व २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत सुमारें ९६ माणसांत एकास हा रोग आढळला. जेथें गहूं हेंच मुख्य अन्न आहे त्या उत्तर भारतांत त्याचें प्रमाण दक्षिणेपेक्षां बरेंच अधिक आहे.

या रोगावर आजमितीस पथ्याखेरीज उपाय नाहीं. परंतु पथ्य नीट पाळलें तर गुण खात्रीनें येतो. मुलांचें आंतडें बहुधा कांहीं महिन्यांत सुधारूं लागतें. मोठ्यांस वर्ष-दोन वर्षें लागतात. वर्ज्य धान्यें तीन: गहूं, सातू म्हणजे जव, आणि युरोपांत पिकणारें राय. ओट हें धान्य बहुतेक वेळां गव्हाशीं मिसळलेलें असतें, म्हणून तेंहि डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेऊं नये. खपली गहूं पचनास हलका म्हणून पुष्कळ लोक घेतात. पण खपली हाहि गहूंच, त्यांतहि ग्लूटेन आहेच. रवा, मैदा, शेवया, कुरडया, पाव, बिस्किटें हीं सर्व अर्थातच गेलीं. अशक्त मुलास ‘ताकदीसाठीं’ माल्टाचें पेय व बिस्किटें देण्याची रीत घरोघर आहे. सीलिअॅकच्या मुलास तेंच सर्वांत घातक, कारण माल्ट सामान्यतः जवाचें असतें.

उलट, चालणाऱ्या धान्यांची यादी मराठी स्वयंपाकघरांत तयारच आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, सर्व डाळी. आणि उपवासाच्या दिवशींचीं वरी, राजगिरा, शिंगाडा व साबूदाणा. हाडांस लागणारा चुना नाचणींत विपुल आहे. गणपतीचे उकडीचे मोदक तांदळाच्या पिठाचे, दिवाळींतील बेसनाचे लाडू हरभऱ्याचे. जी भाकरी एके काळीं गरिबाचें अन्न म्हणून नाकारली जाई, तीच या मुलांस आरोग्य देते.

तथापि धान्य निवडल्यानें काम संपत नाहीं, कारण गहूं आडवाटेनें घरांत शिरतो. बाजारांतील खड्याचा नसलेला कुटलेला हिंग पुष्कळदां गव्हाच्या पिठांत मिसळलेला असतो. थालीपिठाच्या भाजणींत व मेतकुटांत गहूं घालण्याची चाल आहे. गिरणींत आधीं कोणाचा गहूं दळला गेला असेल तर त्याचें पीठ मागाहून येणाऱ्या ज्वारींत उतरतें. म्हणून घरीं जातें वा घरघंटी असणें बरें, आणि तीहि गव्हासाठीं वापरूं नये. परात, चाळणी, पोळपाट व तवा वेगळा ठेवावा. ज्या कढईंत पुऱ्या तळल्या त्या तेलांत पापड तळूं नयेत. आवेष्टनांतील पदार्थांवर ‘ग्लूटेनमुक्त’ असें लिहावयाचें तर किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसावें, असा भारतांतहि नियम आहे; तेव्हां वेष्टन वाचण्याची संवय लावावी.

खरी कठीण बाजू स्वयंपाकघराबाहेर आहे. सात-आठ वर्षांचें मूल सत्यनारायणाच्या पूजेस जातें. तेथें रव्याच्या शिऱ्याचा प्रसाद पुढें येतो. नको म्हणावें तर यजमानास वाईट वाटतें. शेजारच्या आजी मायेनें म्हणतात, “एका घांसानें काय होतें, बाळ?” आणि बाहेरून पाहतां कांहींच होत नाहीं, हाच या रोगाचा मोठा धोका आहे. मूल खेळत घरीं येतें, पोट दुखत नाहीं, आणि सर्वांची समजूत होते कीं डॉक्टर उगाच भीति घालतात. परंतु दररोज अवघें ५० मिलिग्रॅम, म्हणजे पोळीच्या एखाद्या बारीक तुकड्याइतकें, ग्लूटेन कांहीं महिने पोटांत गेल्यानें अंकुरांस इजा होते असें संशोधनांत आढळलें आहे. रोज एका घरचा एक घांस, इतकें त्यास पुरतें. वाढीचीं वर्षें हातचीं गेलीं म्हणजे राहून गेलेली उंची मागाहून पुरती भरून निघेलच असें नाहीं.

म्हणून हें पथ्य एकट्या मुलावर टाकूं नये. शाळेंतील शिक्षकांस आईबापांनीं स्वतः भेटून सांगावें, डब्यांतील खाऊची अदलाबदल होऊं देऊं नये, आणि पूजेच्या घरीं आधींच निरोप धाडून प्रसादाचें केळें बाजूस ठेवण्यास सांगावें. यजमान तें आनंदानें करतात. त्यांना ठाऊक नसतें एवढेंच. घरींहि इतरांसाठीं पोळ्या आणि एकट्यासाठीं भाकरी अशी पंगत रोज मांडूं नये. रात्रीच्या जेवणास सर्वांनींच भाकरी घेतली तर आईचे श्रम वांचतात, चुकीचा संभव कमी होतो, आणि ताटावर बसलेल्या त्या मुलास आपण आजारी आहों याची आठवण राहत नाहीं.