दरजा मोकळ्या ठेवलेला तट

ओहोटीला अलिबागहून चालत कुलाबा किल्ल्यात जाणाऱ्यांची नजर महादरवाजावर असते. ती जरा खाली, तटाच्या पायाकडे वळवावी. प्रचंड चिरे एकावर एक नुसते रचलेले आहेत, दरजांत चुना नाही. १६८० साली बांधायला घेतलेला हा तट सव्वातीनशेहून अधिक पावसाळे झेलून उभा आहे, आणि त्याचं बरंचसं श्रेय त्या मोकळ्या फटींना द्यावं लागतं. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मीटरभर उंचीच्या लाटांत पाण्याच्या दर चौरस मीटरमागे सुमारे १,२५० ज्यूल ऊर्जा असते. पन्नास किलोचं भाताचं पोतं अडीच मीटर वर चढवायला लागेल तेवढी. लाटा दुप्पट उंच झाल्या की ती चौपट. सलग भिंतीवर पाणी क्षणात थांबतं, म्हणून तडाखा मोठा बसतो. फटींत शिरलेलं पाणी घासत, भोवरे करत थांबतं आणि बल थोड्या जास्त वेळात वाटलं जातं. पण खरी कसोटी लाट परततानाची. बाहेरचा दाब एकदम उतरतो, आत मुरलेलं पाणी मात्र चिऱ्यांना बाहेर ढकलत राहतं. दरजा मोकळ्या असल्या की ते वाहून जातं.

चुना नसेल तर चिरे जागचे हलत कसे नाहीत? बेसाल्टचा घनमीटरभर चिरा सुमारे २,८०० किलोंचा. बुडाल्यावर हजारेक किलोंचा भार पाणी उचलतं. उरलेल्या भारामुळे होणारं घर्षण त्याला धरून ठेवतं. कारागिरांनी एवढा हिशेब केला होता, असा दावा मात्र नको. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू कठीण होतो. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या जागी तो त्याआधीच धुऊन जाईल. कदाचित नाइलाजच कामी आला असेल.

कोणी मुरूडसमोरच्या पद्मदुर्गाकडे बोट दाखवील. तिथे चिरे झिजून आत गेले, पण दरजांतला चुना मधाच्या पोळ्याच्या भिंतींसारखा बाहेर उभा आहे. आक्षेप चोख आहे, फक्त तिथला शत्रू वेगळा. दगडाच्या छिद्रांत मुरलेलं खारं पाणी वाळलं की मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण सुटत जातात. मीठ दगड कुरतडतं, लाट तो हलवते. पद्मदुर्गाचा चुना कणखर होता, एवढंच यातून ठरतं. कुलाब्याच्या पायाला तो हवा होता, हे नव्हे. तेव्हा डागडुजी करताना या दरजा सिमेंटने बुजवू नयेत.