मोटारगाडीचे पर्यायी ब्रेक पॅड व डिस्क

मोटारगाडीच्या डिस्क ब्रेकमधील पॅड आणि डिस्क हे झिजण्यासाठीच बनवलेले भाग आहेत. ते झिजल्यावर वाहन कंपनीच्या नावाने विकले जाणारे भाग बसवता येतात, किंवा अन्य उत्पादकांनी त्याच गाडीसाठी तयार केलेले भाग बसवता येतात. या दुसऱ्या प्रकाराला पर्यायी सुटे भाग म्हणतात. व्यापारात त्यासाठी ‘आफ्टरमार्केट’ हा शब्द रूढ आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाहीसारख्या तालुक्याच्या गावी, जेथून अधिकृत सेवाकेंद्र गाठायचे तर चंद्रपूर किंवा नागपूरपर्यंत जावे लागू शकते, तेथे पर्यायी भाग आणि ते बसवणारे स्थानिक गॅरेज यांचे महत्त्व मोठे असते. असा भाग सुरक्षित आहे की नाही हे त्याच्या खोक्यावरील नावापेक्षा घर्षणद्रव्याची प्रत, मापांची अचूकता आणि बसवण्यातील काळजी यांवर अधिक अवलंबून असते.

रचना व कार्य

चाकाच्या हबला जोडलेली बिडाची डिस्क चाकाबरोबर फिरते. तिच्या दोन्ही बाजूंना पॅड असतात व ते कॅलिपर नावाच्या चिमट्यासारख्या भागात बसवलेले असतात. चालकाने पेडल दाबले की ब्रेक ऑईलमधील दाबामुळे कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो आणि दोन्ही पॅड डिस्कला आवळतात. गाडीची गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलते व डिस्क ती हवेत सोडते.

ही उष्णता किती असते याची कल्पना एका उदाहरणाने येईल. १,२०० किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली, तर सुमारे ३०० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. साध्या तापमानाचे एक लिटर पाणी उकळीला आणण्यास जवळपास तेवढीच ऊर्जा लागते, आणि हे अवघ्या काही सेकंदांत घडते. वेग निम्मा असेल तर ऊर्जा चौपटीने कमी होते. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकत असल्याने यातील मोठा वाटा पुढच्या चाकांवर येतो; त्यामुळे पुढचे पॅड सहसा आधी संपतात. अनेक लहान गाड्यांत मागील चाकांना आजही ड्रम ब्रेकच असतात.

इतिहास

घर्षणद्रव्याचा स्वतंत्र व्यवसाय मोटारगाडीच्या प्रसाराआधीच सुरू झाला. १८९७ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड यांनी घोडागाड्यांसाठी ब्रेकचे ठोकळे बनवण्यास सुरुवात केली. पुढे त्यातूनच फेरोडो ही कंपनी उभी राहिली. डिस्क ब्रेकचे एकस्व फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले होते, तरी त्याला खरी प्रतिष्ठा १९५३ च्या ल मां शर्यतीने दिली. त्या वर्षी डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वार गाडीने ती शर्यत जिंकली. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला मात्र चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि ‘ब्रेक लायनर बदलणे’ हा शब्दप्रयोग त्या काळापासून गॅरेजांत टिकून आहे. आज पॅडलाही पुष्कळ ठिकाणी लायनरच म्हटले जाते.

भारतात ब्रेक्स इंडिया (१९६२) व राणे ब्रेक लायनिंग (१९६४) या चेन्नईच्या कंपन्या वाहन उत्पादकांना भाग पुरवत आल्या आहेत आणि स्वतःच्या नावानेही ते बाजारात विकतात.

‘कंपनीचा’, ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’

दुकानात हे तीन शब्द सैलपणे वापरले जातात व त्यातून ग्राहकाचे नुकसान होते. वाहन कंपनी बहुधा पॅड स्वतः बनवत नाही. ती तो घर्षणद्रव्याच्या उत्पादकाकडून घेते. तोच उत्पादक तशाच मापाचा पॅड स्वतःच्या खोक्यात विकतो, तेव्हा तो भाग पर्यायी ठरतो, पण त्यामुळे तो कमी प्रतीचा ठरत नाही. मूळ पुरवठादार नसलेल्या, परंतु स्वतःचे नाव, पत्ता व तुकडी क्रमांक छापून जबाबदारी घेणाऱ्या उत्पादकांचा माल हा दुसरा वर्ग. त्यात उत्तम आणि सामान्य असे दोन्ही प्रकार आढळतात. ‘डुप्लिकेट’ मात्र याहून वेगळा असतो. त्यावर दुसऱ्याचे नाव व चिन्ह छापलेले असते, म्हणून तो पर्यायी भाग नसून नकली माल होय. स्वस्त पर्यायी भाग आणि नकली भाग यांना एकाच तागडीत तोलणे चूक आहे. पहिल्यात निदान उत्पादक सापडतो.

नकली पॅडमध्ये पोलादी पाटीला घर्षणद्रव्य नीट चिकटलेले नसते व तापल्यावर ते सुटून येऊ शकते. ठिसूळ कडा, पुसट छपाई, क्रमांकाचा अभाव आणि दोन पॅडांच्या जाडीत दिसणारा फरक ही संशयाची कारणे असतात. तरीही निव्वळ डोळ्यांनी खात्री होत नाही. पक्के बिल हाच ग्राहकाचा मुख्य पुरावा राहतो.

घर्षणद्रव्ये व त्यांवरील खुणा

पॅडचे घर्षणद्रव्य म्हणजे तंतू, धातूची पूड, ग्रॅफाइट व खनिज भुकटी यांचे फिनॉलिक राळेने बांधलेले मिश्रण होय. सेंद्रिय प्रकारचे पॅड मऊ व शांत असतात, डिस्क कमी झिजवतात, पण फार तापले की त्यांची पकड लवकर मंदावते. अर्धधात्विक पॅड उष्णता चांगली सोसतात; आवाज, काळी धूळ आणि डिस्कची झीज ही त्यांची किंमत असते. सिरॅमिक पॅड महाग असून शहरी वापरात समाधानकारक ठरतात.

पूर्वी या मिश्रणात अ‍ॅस्बेस्टॉस वापरत. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे गंभीर आजार व कर्करोग होतो. जुन्या किंवा निनावी पॅडची धूळ कोणती हे सांगता येत नसल्याने ब्रेकमधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढावी. अनेक गॅरेजांत अजूनही एअर गन वापरली जाते आणि तिचा त्रास सर्वांत आधी मेकॅनिकलाच होतो.

अनेक पॅडांच्या पाठीवर वा कडेवर दोन रोमन अक्षरे छापलेली असतात. अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या पद्धतीनुसार पहिले अक्षर थंड व दुसरे तापलेल्या स्थितीतील घर्षणांक दाखवते. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. ही अक्षरे टिकाऊपणाबद्दल काहीच सांगत नाहीत. वर्तुळातील ‘ई’ ही खूण मात्र निराळी आहे. ती संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाची मान्यता दर्शवते. या आयोगाच्या ९० क्रमांकाच्या नियमानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. दोन्ही ‘ई’ एकच समजण्याची चूक सर्रास होते.

घर्षणांकातील फरक रस्त्यावर कसा दिसतो? ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीसमोर चितळ आले, असे समजा. ०.४२ घर्षणांकाच्या पॅडने गाडी सुमारे २० मीटरांत थांबत असेल, तर पायाच्या तेवढ्याच जोराने ०.३० घर्षणांकाच्या पॅडला सुमारे २८ मीटर लागतील. पाय पेडलवर पोहोचेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी आधीच जवळपास १७ मीटर गेलेली असते. जास्त जोर लावून हा फरक काही प्रमाणात भरून काढता येतो, पण अवचित प्रसंगी तेवढा जोर लागेलच असे नाही. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. ही प्रणाली चाक जाम होऊ देत नाही, परंतु पॅडमध्ये नसलेली पकड ती निर्माण करू शकत नाही.

कायदा व ग्राहकाचा हक्क

पर्यायी भाग बसवल्यास वॉरंटी संपते, हा समज व्यापक आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेला आदेश या संदर्भात महत्त्वाचा आहे. सुटे भाग व निदान उपकरणे खुल्या बाजारात उपलब्ध न केल्याने स्वतंत्र गॅरेजांची स्पर्धा रोखली जाते, असा निष्कर्ष काढून आयोगाने या कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. त्यांत महाराष्ट्रात मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्स व महिंद्रा अँड महिंद्रा यांचाही समावेश होता. गाडी स्वतंत्र गॅरेजात दुरुस्त केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, सदोष दुरुस्तीमुळे जेवढी हानी झाली तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने सांगितले. कंपन्यांनी याला आव्हान दिले व वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या कार्यक्षेत्रात मोटारगाड्याही आहेत.

दुसरी बाजू विक्रेत्याच्या जबाबदारीची आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार, केंद्र सरकारने सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक म्हणून अधिसूचित केलेला भाग निकषांत बसत नसताना विकल्यास एक वर्षापर्यंत कैद, प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कधी बदलावे

नव्या पॅडवरील घर्षणद्रव्य साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असते. ते ३ मिलिमीटरच्या आसपास आले की पॅड बदलणे योग्य. काही पॅडांना पत्र्याची जीभ असते. झीज ठरावीक मर्यादेला पोहोचली की ती डिस्कवर घासून किंचाळल्यासारखा आवाज करते. खरखर ऐकू येऊ लागली तर बहुधा पोलादी पाटीच डिस्कला लागलेली असते व मग डिस्कचाही खर्च अंगावर येतो.

डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते आणि तिच्याखाली गेलेली डिस्क वापरू नये. खाचा पडलेली डिस्क लेथवर फेस मारून सपाट करता येते, पण त्यानंतरही किमान जाडी शिल्लक राहिली पाहिजे. हे मोजण्यासाठी मायक्रोमीटर लागतो. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत असेल तर ‘डिस्क वाकली’ असे म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा जाडीतील सूक्ष्म फरक किंवा हबवर राहिलेला गंज याला कारणीभूत असतो. भोके वा चरे असलेल्या डिस्क रोजच्या वापरासाठी आवश्यक नाहीत.

बदलण्याची पद्धत

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ओट लावतात, जॅकवर उचलल्यावर स्टँडवर टेकवतात. केवळ जॅकच्या भरवशावर काम करणे धोक्याचे आहे. कॅलिपर काढल्यावर तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधून ठेवावा. पिस्टन मागे ढकलताना टाकीतील ब्रेक ऑईल वर चढते व सांडल्यास रंग खराब करते. मागील डिस्कवर हातब्रेक असलेल्या काही गाड्यांत पिस्टन ढकलायचा नसून फिरवत आत न्यायचा असतो. इलेक्ट्रॉनिक हातब्रेक असेल तर आधी तो दुरुस्तीच्या स्थितीत आणावा लागतो. निदान उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळण्याचा प्रश्न येथे थेट भेडसावतो.

नवीन डिस्कवर गंजरोधक तेल असते, ते पूर्ण पुसावे. हबचा टेकण्याचा भाग तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावा. कॅलिपरच्या सरकत्या पिनांना उष्णतारोधक सिलिकॉन ग्रीस लावतात, साधे ग्रीस रबर फुगवते. पॅड एका आसावरील दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे असतात, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. बोल्ट टॉर्क पान्याने, उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंतच आवळावेत.

काम संपल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहणे अत्यावश्यक आहे. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, आणि हे विसरल्याने गाडी गॅरेजच्या भिंतीवर गेल्याचे प्रकार घडतात. नवे पॅड आणि डिस्क एकमेकांशी जुळण्यासाठी सुरुवातीला वीस-तीस वेळा मध्यम वेगावरून हळुवार ब्रेक लावावा व मधे डिस्क थंड होऊ द्यावी.

पावसाळी व वनप्रदेशातील वापर

सिंदेवाही, नागभीड, मूल ते गडचिरोली हा भाग धानशेतीचा व घनदाट जंगलाचा आहे. पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल कॅलिपरमध्ये शिरतो आणि सरकत्या पिना जाम होतात. मग आतला व बाहेरचा पॅड असमान झिजतात. बाहेरचा पॅड पाहून जाडी पुरेशी वाटते, तर आतला संपलेला असतो. म्हणून तपासणीत दोन्ही पॅड पाहावेत. काही दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. तो पहिल्या काही ब्रेकांत निघून जातो व भाग निकृष्ट असल्याची ती खूण नव्हे. पाण्यातून गाडी काढल्यावर पेडल हलके दाबत थोडे अंतर चालवल्यास पॅड कोरडे होतात.

ब्रेक ऑईल दमट हवेतील पाणी शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. उकळलेल्या ऑईलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखे लागते, मग पॅड कितीही चांगले असले तरी दाब त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे पॅड बदलताना ऑईल दोन वर्षांहून जुने असेल तर तेही बदलून प्रणालीतील हवा काढून घेतली जाते.