गोळ्यांच्या पाकिटापलीकडे

झरीसारख्या गावात एखादा तरुण स्वतःशीच पुटपुटू लागतो, रात्र रात्र जागतो, शेतात जाणं सोडतो. परभणीहून आणलेल्या गोळ्यांनी बरं वाटतं, मग त्या बंद होतात आणि आजार उलटतो.

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅडिसनमध्ये डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक यांचं पथकच अशा रुग्णांकडे जाऊ लागलं. आपल्याकडे एवढे मनोविकारतज्ज्ञ आणायचे कुठून? सातारा, गोवा आणि तमिळनाडूत २८२ स्किझोफ्रेनियाग्रस्तांसोबत झालेल्या ‘कॉप्सी’ अभ्यासाने (२०१४) वाट दाखवली. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ती घरी येते, पाकिटात किती गोळ्या उरल्या ते पाहते, हात थरथरतात का विचारते, आंघोळीपासून कामापर्यंतची घडी बसवते, आईवडिलांचंही ऐकून घेते. औषध मात्र डॉक्टरच ठरवतात. वर्षभरात लक्षणं आणि रोजच्या जगण्यातल्या अडचणी नुसत्या दवाखान्याच्या उपचारापेक्षा थोड्या अधिक घटल्या. सुधारणा माफकच, पण ठळक दिसली ती तमिळनाडूच्या ग्रामीण भागात. झरीसाठी मला हेच महत्त्वाचं वाटतं.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी गावात प्रशिक्षित, पुरेसं मानधन मिळणारी माणसं हवीतच. तोवर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येतं.