उमराहच्या प्रवासात तूप, इन्सुलिन आणि जमजम: हातातल्या बॅगेत काय चालतं, काय नाही

मेहकर, डोणगाव, जानेफळ, लोणार या पट्ट्यातून आता वर्षभर कोणी ना कोणी उमराहला निघालेलं असतं. घरात बॅगा भरल्या जातात तेव्हा सगळं लक्ष कपड्यांवर, एहरामवर, दुआच्या किताबवर असतं. तुपाची बरणी, लोणचं, खोकल्याचं औषध, डोक्याला लावायचं तेल या गोष्टी शेवटच्या रात्री जिथे जागा दिसेल तिथे कोंबल्या जातात. आणि नेमक्या याच गोष्टी मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या टेबलावर काढून ठेवाव्या लागतात. सत्तरीच्या अम्मींनी घरी कढवलेलं तूप डोळ्यांसमोर बाजूला जाताना बघणं कुणालाच बरं वाटत नाही. तपासणारा जवान त्याचं काम करत असतो, पण अम्मींना हे आधी कुणी समजावून सांगितलेलंच नसतं. म्हणून हा मसला एकदा नीट, आपल्या भाषेत समजून घेऊ या.

मूळ नियम लहान आहे. आंतरराष्ट्रीय विमानात जी बॅग तुम्ही सोबत आत नेता, तिच्यातली द्रवपदार्थाची कोणतीही बाटली १०० मिलीलीटरपेक्षा मोठी नको. अशा सगळ्या छोट्या बाटल्या मिळून एक लीटरच्या एका पारदर्शक, तोंड बंद होणाऱ्या पिशवीत मावल्या पाहिजेत. एका माणसाला एकच पिशवी.

इथे बहुतेकांची गफलत होते ती बाटलीच्या मापात. आत किती उरलं आहे ते पाहत नाहीत, बाटलीवर काय छापलं आहे ते पाहतात. २०० मिलीची तेलाची बाटली, तळाला दोन बोटं तेल, तरी ती बाहेरच. तेच तेल ५० मिलीच्या छोट्या बाटलीत ओतून घेतलं तर चालतं. मेडिकलमध्ये किंवा कटलरीच्या दुकानात अशा रिकाम्या बाटल्या सहज मिळतात.

दुसरी गफलत द्रवपदार्थ म्हणजे काय यात. आपण पाणी आणि सरबत एवढंच धरतो. तपासणीच्या हिशेबात जे वाहतं, पसरतं, लेपासारखं लावता येतं ते सगळं द्रव. तूप थिजलेलं असलं तरी द्रव. मध, दही, खीर, चटणी, टूथपेस्ट, शॅम्पू, व्हॅसलीन, डोकेदुखीचा बाम, सगळं त्यातच. लोणचं तर हातातल्या बॅगेत घेऊच नका, मिरचीचं तर नाहीच. खजूर, चिवडा, चपाती, सुका मेवा, बिस्किटं याला अडचण नाही. अत्तराच्या ३, ६ किंवा १२ मिलीच्या कुप्या आरामात जातात, फक्त त्या पारदर्शक पिशवीत टाका.

हे सगळं सुरू कधी झालं? १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनच्या पोलिसांनी काही लोकांना अटक केली. शीतपेयाच्या बाटल्यांमधून द्रवरूप स्फोटक नेऊन अटलांटिक महासागरावर विमानं उडवायचा त्यांचा कट होता. पहिले काही दिवस तर ब्रिटनमधून उडणाऱ्या प्रवाशांना हातात जवळपास काहीच नेऊ देत नव्हते. नंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपात १०० मिलीचा नियम आला आणि तिथून तो जगभर पसरला. जुन्या एक्स-रे यंत्राला बाटलीत पाणी आहे की दुसरं काही, हे खात्रीनं ओळखता येत नाही, म्हणून मापावरच मर्यादा घातली. आता काही ठिकाणी नवी स्कॅनर यंत्रं बसली आहेत. ब्रिटनमध्ये एडिंबरा आणि बर्मिंगहॅम विमानतळांनी २०२५ मध्ये दोन लीटरपर्यंत सूट दिली. अशी बातमी मोबाईलवर फिरली की लोक म्हणतात, चला, नियम गेला! तो गेलेला नाही. एका विमानतळानं सोडलं म्हणून दुसरा सोडेल असं नसतं, आणि आपल्याला ज्या विमानतळावरून जायचं आहे त्याचाच नियम आपल्याला लागू.

आपल्या भागातल्या लोकांची फसगत आणखी एका कारणानं होते. मेहकरात रेल्वे नाही, विमानतळ नाही. कुणी समृद्धीवरून गाडीनं मुंबई गाठतो, कुणी ट्रॅव्हल्सनं, कुणी जालन्याहून रेल्वेनं. काही जण नागपूरहून विमान धरतात. नागपूर ते मुंबई हा देशातला प्रवास, तिथे पाण्याची बाटली आत नेऊ देतात. तीच बाटली हातात घेऊन माणूस मुंबईत जेद्दाहच्या विमानाकडे निघाला की अडतो. त्याला वाटतं, सकाळी चाललं मग आता का नाही? कारण आता प्रवास आंतरराष्ट्रीय झाला. नागपूरहून दोहा किंवा शारजामार्गे जाणाऱ्यांची तर वाटेत विमान बदलताना हातातली बॅग पुन्हा तपासली जाते. पहिल्या विमानात किंवा विमानतळावर घेतलेलं पाणी तिथपर्यंत संपवून टाका.

पाण्याची सोय मात्र होते. रिकामी बाटली आत नेता येते. तपासणी झाली की आत पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, तिथे भरून घ्या. वुजूसाठी, तहारतसाठी ज्यांना सोबत पाणी लागतं अशा बुजुर्गांसाठी ही रिकामी बाटली फार कामाची आहे. विमानातल्या बाथरूममध्ये आपल्यासारखी मगाची सोय नसते, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला घरीच सांगून ठेवा.

औषधांचा नियम वेगळा आहे आणि तो घरच्या मोठ्यांनी नीट ऐकावा. प्रवासात लागणारं औषध १०० मिलीपेक्षा जास्त असलं तरी नेता येतं, मात्र ते वेगळं काढून दाखवावं लागतं आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी. चिठ्ठीवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. आपल्याकडे डॉक्टर सवयीनं "शेख चाचा" किंवा नुसतं "बी" लिहून मोकळे होतात, ते इथे चालणार नाही. निघण्याआधी आठ दिवस जाऊन पूर्ण नाव, औषधाचं मूळ नाव आणि रोजचा डोस इंग्रजीत लिहून घ्या.

इन्सुलिन कधीही मोठ्या सुटकेसमध्ये टाकू नका. विमानाच्या पोटात थंडी वाढू शकते आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. शिवाय सुटकेस एक दिवस उशिरा आली तर? साखर एकदम उतरली तर लागतं म्हणून काही जण ज्यूसची बाटली ठेवतात, ती तपासणीत अडकू शकते. त्याऐवजी ग्लुकोजची पावडर, खडीसाखर किंवा खजूर ठेवा. तान्ह्या बाळाचं दूध आणि पातळ खाणं यालाही प्रवासापुरती सूट आहे.

खोकल्याच्या सिरपबद्दल एक इशारा. ज्यात कोडीन आहे असं सिरप सौदीत नियंत्रित औषधांत मोडतं. डॉक्टरांना विचारून दुसरं घ्या. द्रव नसली तरी खसखसही इथेच सांगून टाकतो, कारण ती मसाल्यातून, हलव्यातून नकळत जाते. सौदीत तिला बंदी आहे. घरी केलेला मसाला बांधून देताना हे घरातल्या बायकांनाही माहीत असू द्या.

एहरामचाही विचार करा. मुंबईहून थेट जेद्दाहला जाताना मीकात हवेतच येतं, म्हणून बरेच जण एहराम बांधूनच विमानात चढतात. नीयत झाली की खुशबू चालत नाही. मग हातातल्या पिशवीत सुगंधी साबण, सुगंधी ओले टिश्यू ठेवून काय उपयोग? बिनवासाचा साबण आणि साधं व्हॅसलीन ठेवा, तेही छोट्या डबीत. अत्तर मोठ्या बॅगेत गेलेलं बरं.

आता परतीचा प्रवास. खरी घालमेल इथेच असते, कारण इथे जमजमचा प्रश्न आहे. हजरत आयशा (रजि.) जमजम सोबत नेत असत, हे तिर्मिजी शरीफमध्ये आलेलं आहे, आणि आपल्याकडे हाजी घरी आला की गल्लीतला प्रत्येक जण एका घोटाची वाट बघतो. म्हणून लोक हरममधून छोट्या बाटल्या भरतात, टेप लावतात, कपड्यांत गुंडाळून सुटकेसमध्ये ठेवतात. हे करू नका. सौदीच्या विमान वाहतूक प्राधिकरणानं २०२२ मध्ये विमान कंपन्यांना कळवलं की प्रवाशांच्या चेक-इन बॅगेत जमजम किंवा दुसरं द्रव घेऊ नये. बॅग स्कॅनरमध्ये दिसली की उघडून बाटल्या काढल्या जातात. हातातल्या बॅगेत तर १०० मिलीचा नियम आहेच.

म्हणजे जमजम आणायचा रस्ता एकच उरतो. विमानतळावर अधिकृत ठिकाणी मिळणारा पाच लीटरचा सीलबंद खोका घ्यायचा, तो बॅगेत न घालता काउंटरवर वेगळा द्यायचा. माणशी एक. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना तर खोका घ्यावाही लागत नाही, परत आल्यावर इथल्याच विमानतळावर पाच लीटर जमजम हातात दिलं जातं.

उमराहवाल्यांनी मात्र तिकीट काढतानाच टूरवाल्याला विचारावं: या विमानात जमजमचा खोका जातो का, आणि तो वजनात धरतात की वरचा? प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. जुलै २०१९ मध्ये एअर इंडियानं जेद्दाहहून हैदराबाद-मुंबई आणि कोचीला येणाऱ्या विमानांत, छोटी विमानं लावल्यामुळे, जमजमचे कॅन घेता येणार नाहीत असं जाहीर केलं होतं. लोकांनी नाराजी दाखवल्यावर कंपनीनं माफी मागितली आणि ठरलेल्या वजनात कॅन आणू दिले. टूरवाला "हो जाएगा" म्हणाला तरी लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का असेना. आमचं तर मत आहे की निघण्याआधी जी तरबियतची बैठक होते, तिच्यात तवाफ आणि सईबरोबर पंधरा मिनिटं या सामानासाठीही ठेवावीत, आणि एक भरलेली पारदर्शक पिशवी सगळ्यांना दाखवावी.

मुंबईत उतरून पुढे नागपूरला विमानानं जाणार असाल तर आणखी एक हिशेब आहे. वेगळं तिकीट असेल तर देशातल्या विमानात साधारण १५ किलोच सामान मोफत असतं, आणि पाच लीटर पाणी म्हणजे पाच किलो. वरच्या वजनाचे पैसे लागतात. त्यापेक्षा मुंबईत घ्यायला आलेल्या नातेवाइकांच्या गाडीत खोका टाकून दिलेला परवडतो.

आणि तपासणीत काही अडलंच तर घाबरू नका, वाद घालू नका. वेळ असेल तर परत काउंटरवर जाऊन ती वस्तू मोठ्या बॅगेत टाकता येते का ते विचारा, किंवा बाहेर सोडायला आलेल्या माणसाकडे द्या. त्यासाठी सोडायला आलेल्यांनी बॅगा आत गेल्या की लगेच गाडी काढू नये. आतून तपासणी झाल्याचा फोन येईपर्यंत थांबावं.