चातुर्मास आणि मॅरेथॉन : दोन स्वतंत्र खाती

शरद ऋतू हा जगभर मॅरेथॉनचा हंगाम मानला जातो. बर्लिनची शर्यत सप्टेंबरात, शिकागोची ऑक्टोबरात आणि न्यूयॉर्कची नोव्हेंबरात होते. आपल्याकडे साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन शरदाच्या उंबरठ्यावर, साधारणतः सप्टेंबर महिन्यात भरते. पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आणि अर्ध्या मॅरेथॉनचे सुमारे २१.१ किलोमीटर. यांपैकी कोणतीही शर्यत नीट धावायची तर हौशी माणसाला सुमारे सोळा आठवड्यांची पूर्वतयारी लागते. शरदातील शर्यतीचा सराव म्हणूनच ज्येष्ठ-आषाढात सुरू करावा लागतो आणि त्याचा ऐन भराचा काळ चातुर्मासात येतो. सरावाचे अंतर वाढत असते तेव्हाच घरात पर्युषणाची तयारी चाललेली असते. पहाटे उठून धावावे, धावताना पाणी प्यावे, धावून झाल्यावर पोटभर खावे, असे प्रशिक्षक सांगतो. नवकारसी, चौविहार, एकासणा आणि उपवास यांचे नियम आपण स्वतः घेतलेले असतात. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आपल्या तरुण पिढीला आज प्रत्यक्ष भेडसावतो आहे.

पुण्यातील मार्केट यार्ड, गुलटेकडी आणि बिबवेवाडी या परिसरातील आम्ही चौदा जण गेली काही वर्षे एकत्र सराव करतो. त्यांत धान्याचे आणि कापडाचे व्यापारी आहेत, एक सनदी लेखापाल आहेत, दोन सुना आहेत, महाविद्यालयीन मुले आहेत आणि माझ्यासारखे एक-दोन निवृत्तही आहेत. कोणीही पदकासाठी धावत नाही. बहुतेकांनी धावणे सुरू केले ते गादीवर बसून वाढलेले वजन, रक्तातील साखर किंवा गुडघ्यांच्या कुरबुरी यांमुळे. या गटाने साताऱ्याच्या शर्यतीची तयारी करताना चातुर्मासाशी कसे जुळवून घेतले, ते इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

जयणेचा प्रश्न

पहिला आक्षेप घरातूनच आला. आमच्या एका सोबत्याच्या वडिलांनी सरळ विचारले, पावसाळ्यात जमिनीवर जीवोत्पत्ती वाढते म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून एका जागी राहतात. त्याच महिन्यांत तुम्ही श्रावक अंधारात ओल्या गवतातून धावता, हे कोणत्या न्यायाने?

काही तरुणांनी हा प्रश्न जुन्या पिढीचा हट्ट म्हणून हसण्यावारी नेला. वास्तविक आक्षेप बिनतोड होता. त्या वेळी आमचा रविवारचा सराव तळजाईच्या टेकडीवर पहाटे पाचला सुरू होत असे. पायवाटा चिखलाच्या, दोन्ही बाजूंना गवत आणि उजेड केवळ विजेरीचा. पाऊल कोठे पडते हे दिसत नाही तेथे जयणा कशी पाळणार? दोन रविवार यावर चर्चा झाली. अखेरीस ठरले की, चातुर्मासात टेकडी आणि गवताळ वाटा वर्ज्य. सराव डांबरी रस्त्यावर किंवा शाळेच्या मोकळ्या पटांगणावर आणि तोही उजाडल्यावरच. गृहस्थाच्या हातून सूक्ष्म हिंसा पूर्णतः टळत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु जी टाळता येते ती टाळणे हे आपले कर्तव्यच आहे.

या निर्णयाचा आणखी एक लाभ झाला. उजेडात धावू लागल्यापासून रस्त्यावरचे खड्डे दिसू लागले, मुरगळलेले घोटे कमी झाले आणि वाहनचालकांनाही आम्ही दुरून दिसू लागलो.

सोळा आठवड्यांची शिस्त

मॅरेथॉनच्या सरावात गूढ असे काही नाही. आठवड्यात चार दिवस धावायचे. त्यांतील दोन दिवस सहज बोलता येईल अशा संथ गतीने, एक दिवस चढावर आणि रविवारी लांबचे अंतर. दोन दिवस पाय, कंबर आणि पोट यांचे बळ वाढविणारा व्यायाम आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. लांब पल्ल्याचे अंतर पहिल्या आठवड्यात सहा-सात किलोमीटर असेल, तर ते क्रमाक्रमाने अठरापर्यंत न्यावे. दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम घटवावे आणि शेवटचे दोन आठवडे शरीराला हलके ठेवावे.

घाई करणाऱ्याचे नुकसान येथे ठरलेले असते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात. स्नायूबंध आणि हाडे यांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. दम टिकतो आहे म्हणून अंतर वाढविणारा माणूस पोटरी किंवा टाच धरून घरी बसतो. आवर्ती ठेवीचा हप्ता दरमहा भरणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. दोन हप्ते चुकले म्हणून तिसऱ्या महिन्यात तिप्पट रक्कम भरता येते. धावण्यात ती सोय नाही.

नवकारसी, चौविहार आणि पाणी

नवकारसीचा नियम असणाऱ्यास सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत अन्नपाणी वर्ज्य असते. पहाटे पाचला धावायला निघाल्यास असा माणूस जवळजवळ दोन तास पाण्यावाचून धावत असे. उजाडल्यावर निघण्याचा नियम झाला आणि ही अडचणही बरीचशी सुटली. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात सूर्योदय सहानंतर लगेच होतो. सव्वासहाला निघाले की पहिला पाऊण तास संथ धावण्यात जातो, तेवढ्यात नवकारसीची वेळ होते आणि पुढच्या खऱ्या श्रमाच्या भागात पाणी घेता येते. उकळलेले पाणी प्रत्येकाने आपल्या घरून आणायचे. एकाची दुचाकी ते घेऊन ठरलेल्या ठिकाणी थांबते.

चौविहार धावपटूला अनुकूलच ठरतो. सूर्यास्तापूर्वी जेवण झाल्यामुळे पचन पूर्ण होते आणि लवकर झोप लागते. मात्र सकाळी निघेपर्यंत जवळपास बारा तासांचे अंतर पडते. शरीरात साठविलेल्या कर्बोदकांतून सुमारे दोन हजार कॅलरी मिळू शकतात आणि एक किलोमीटर धावण्यास दर किलो वजनामागे अंदाजे एक कॅलरी खर्च होते. साठ किलो वजनाच्या माणसाला अर्ध्या मॅरेथॉनसाठी सुमारे पावणेतेराशे कॅलरी लागतात. हा साठा पुरतो. पूर्ण मॅरेथॉनसाठी अडीच हजारांहून अधिक लागतात. तेथे वाटेत खावेच लागते. चौविहार सांभाळणाऱ्याने म्हणून आदल्या दिवशीची दोन्ही जेवणे भात, पोळी, वरण अशी भरपूर घ्यावीत. संध्याकाळचे जेवण नुसत्या खाखऱ्यावर भागवू नये.

शर्यतीत वाटले जाणारे पदार्थ डोळसपणे पाहावेत. उकडलेले बटाटे आपण घेत नाहीच. तयार ऊर्जावर्धक पदार्थांपैकी काहींत मध असतो, तर चघळण्याच्या काही गोळ्यांत जिलेटिन. वेष्टनावरील घटक वाचल्याशिवाय तोंडात टाकू नयेत. आमच्या गटात केळी, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी चालते. ज्यांच्या घरी चातुर्मासात सुकामेवा वर्ज्य आहे, त्यांनी खजुराऐवजी चिक्की घ्यावी. पालेभाज्या बंद असतात तेव्हा लोहासाठी डाळी आणि कडधान्यांवर लिंबू पिळून घ्यावे. सराव सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी करून घेणे शाकाहारी व्यक्तीस विशेष अगत्याचे आहे.

तपाचे दिवस

खरी कसोटी पर्युषणात लागली. गेल्या वर्षी पर्युषण आणि शर्यत यांत जेमतेम अडीच आठवड्यांचे अंतर होते. आमच्यातील अठ्ठावीस वर्षांच्या एका तरुणाने दिवंगत आजीच्या स्मरणार्थ अठाई करण्याचा संकल्प केला होता. त्याने साताऱ्याचे शुल्क भरले होते आणि बारा आठवडे सरावही चुकविला नव्हता. उपवासाच्या तिसऱ्या दिवशीही थोडे धावून पाहावे, असे त्याच्या मनात होते. काही मित्र त्याला उत्तेजनही देत होते. समाजमाध्यमांवर त्याची मोठी वाहवा झाली असती.

त्याला थांबविण्याचे काम दोघांनी केले. डॉक्टरांनी सांगितले की, पहिल्या दिवसातच यकृतातील साखरेचा साठा संपत येतो, त्यानंतर शरीर चरबीबरोबर स्नायूही वापरू लागते. अशा अवस्थेत धावल्यास भोवळ आणि क्षारांचे असंतुलन यांचा धोका संभवतो. पारण्यानंतरही आहार हळूहळूच वाढवावा लागतो. स्थानकात विराजमान महासतीजींना त्याने विचारले, तेव्हा त्यांनी वेगळ्याच अंगाने समजावले. तप कर्मनिर्जरेसाठी असते, बळ दाखविण्यासाठी नसते. उपवास करून धावल्याची बढाई मारलीस तर तपाला कषायाचा डाग लागेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

त्याने अठाई पूर्ण केली आणि शर्यत सोडली. सोडताना त्याला जड गेले, हे आम्ही पाहिले आहे. शर्यतीच्या दिवशी तो साताऱ्याला आला आणि यवतेश्वराच्या घाटात पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा राहिला. पुढे हळूहळू सराव वाढवत तो डिसेंबरात दहा किलोमीटर धावला. बारा आठवड्यांचे मुद्दल बुडाले नव्हते.

दुसरे उदाहरण चोपन्न वर्षांच्या एका कापड व्यापाऱ्यांचे. त्यांना मधुमेह आहे आणि गोळ्या चालू आहेत. गेली अनेक वर्षे ते संवत्सरीचा उपवास करतात. या वेळी त्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांकडून त्या दिवसाच्या गोळ्यांचे प्रमाण ठरवून घेतले आणि संवत्सरीच्या आदल्या, त्या आणि पुढच्या अशा तिन्ही दिवशी धावणे बंद ठेवले. उपवासात औषध तसेच चालू ठेवून कोणी धावला तर रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. आपल्या समाजात मधुमेहींची संख्या पाहता ही सूचना प्रत्येक घराने लक्षात ठेवावी.

तेव्हापासून आमच्या गटाचा नियम असा : उपवास आणि आयंबिल यांच्या दिवशी धावणे नाही; एकासणा-बियासणाच्या दिवशी फार तर चालणे; अठाईसारख्या दीर्घ तपानंतर किमान महिनाभर शर्यत नाही. बँकेत एका खात्यातील तूट झाकण्यासाठी दुसऱ्या खात्यात खोटी नोंद केली, तर दोन्ही खाती बिघडतात. तपश्चर्या आणि सराव यांची खाती वेगळीच ठेवावीत.

घरचे सहकार्य

धावणारा एकटा धावतो असे दिसते, पण त्याच्यामागे सारे घर काम करत असते. गटातील एका सूनबाईंना रविवारी अडीच तास मिळावेत म्हणून त्यांच्या सासूबाई नातवाला सांभाळतात आणि आपले सामायिक त्यानंतर करतात. पहिल्या वर्षी त्यांचा विरोध होता. सुनेची कंबरदुखी थांबली आणि ती दिवसभर अधिक प्रसन्न राहू लागली, हे पाहून तो मावळला. दुकानाच्या बाबतीतही असेच. रविवारी सकाळी एक भाऊ धावतो तेव्हा दुसरा लवकर जाऊन कुलूप उघडतो. घरातील पुरुषाला ही सवलत न मागता मिळते आणि सुनेला ती मागावी लागते, हे मात्र आपण सर्वांनी विचारात घेतले पाहिजे.

यवतेश्वराचा घाट

साताऱ्याची ही शर्यत २०१२ मध्ये सुरू झाली. शहरातून निघून यवतेश्वराचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचे आणि त्याच घाटाने खाली यायचे, असा तिचा मार्ग आहे. पुढे कासचे पठार लागते. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात त्याचा समावेश झाला तोही २०१२ मध्येच. सप्टेंबरात तेथे धुके असते, हवा थंड असते आणि घाम कमी आल्यासारखा वाटतो, म्हणून पाणी पिण्याचा विसर पडतो. नवशिक्याला चढाची भीती वाटते. अनुभवी माणूस उताराला जपतो, कारण उतरताना मांडीच्या स्नायूंवर प्रत्येक पावलागणिक भार येतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. आम्ही त्यासाठी कात्रजच्या जुन्या घाटात चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव केला.

आमच्यातील अकरा जण धावले आणि अकराही जणांनी शर्यत पूर्ण केली. सूनबाई सर्वांत पुढे होत्या. कापड व्यापारी काकांनी घाटाचा निम्मा चढ चालत पार केला आणि तरीही ते ठरलेल्या वेळेत पोहोचले. घाटात आमच्या त्या तरुणाने प्रत्येकाला बाटली दिली. नवकारसीची वेळ झाली आहे की नाही, हे तो घड्याळात पाहून सांगत होता.

पुढील शरदात धावू इच्छिणाऱ्यांनी ज्येष्ठातच पंचांग आणि सरावाचे वेळापत्रक शेजारी ठेवून बसावे. पर्युषण कधी आहे, घरात कोणाचे तप ठरले आहे, आपण कोणती पच्चक्खाणे घेणार आहोत, हे आधी लिहावे आणि शर्यत त्यानंतर निवडावी. तारखा जुळत नसतील तर मार्गशीर्षात, पौषातही शर्यती असतात. पस्तिशी ओलांडलेल्यांनी आणि औषधे चालू असणाऱ्यांनी हृदयतपासणी व डॉक्टरांचा सल्ला यांवाचून पहिले पाऊल टाकू नये. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी एखादा आक्षेप घेतला, तर तो शांतपणे ऐकून घ्यावा. आमचे वेळापत्रक सुधारले ते अशाच एका आक्षेपामुळे.